मोडीच्या भावात

गेले तीन वीकएंड इथे काहीच लिहिलं नाही. काही जणांनी विचारलं, रिलीज आहे का, ऑनसाइटला गेलास का, लग्नबिग्न ठरलं का. त्यातलं काही नाही. मी भांडी मोजत होतो. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोड, शुक्रवारी रात्रीची ट्रॅव्हल्स, आणि शनिवार-रविवार बीड जिल्ह्यात तांबं-पितळ.

तर मंडळी, झालं असं. माझी मोठी आत्या अंबाजोगाई तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय ७४, नजर शाबूत, गुडघे दोन्ही गेलेले. घर माळवदाचं. मागच्या पावसाळ्यात त्याची मागची भिंत बसली, तेव्हा ठरलं की घर उतरवायचं, आत्याने अंबाजोगाईत मुलाच्या दोन खोल्यांत राहायला जायचं आणि जमलं तर त्याआधी निदान एका गुडघ्याचं ऑपरेशन उरकून घ्यायचं. दोन खोल्यांत त्रेचाळीस भांडी मावणार कुठे? हंडे, घागरी, घंगाळ, बंब, पराती, ताम्हणं, समया...

"मोडवाला येऊन गेलाय. पितळ ३८० म्हणतोय, तांबं ६००. सरसकट सत्तावन्न हजार. देऊन टाकू का?" असा आत्याचा फोन आला आणि मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांब.

मी काही या विषयातला तज्ज्ञ वगैरे नाही. पुण्यात नोकरीला लागल्यापासून रविवारी सकाळी जुन्या बाजारात भटकायची सवय लागली, तिथून थोडी नाणी जमवली, थोडी माणसं ओळखीची झाली, एवढंच. पण मोडवाल्याचा हिशेब कसा चालतो ते तिथे पाहिलेलं होतं. तो भांडं बघतच नाही. कडी लोखंडाची असेल तर ती काढायची, डाग दिलेला असेल तर 'घट' धरायची, उरलेलं काट्यावर टाकायचं. आजीच्या आजीचा हंडा आणि मागच्या वर्षीचा नळ, दोन्ही पितळ, दोन्ही तीनशे ऐंशी. त्याच्या धंद्यात हे बरोबरच आहे. शेवटी सगळं भट्टीतच जाणार. फक्त तो भाव म्हणजे त्या वस्तूची सगळ्यात कमी किंमत, हे विकणाऱ्याला ठाऊक असावं.

पहिलं काम वजनाचं. मोडवाल्याच्या हुकाच्या काट्यावर सगळं मिळून १२८ किलो भरलं होतं. आतेभावाने आणि मी तोच ढीग ट्रॉलीत घालून तालुक्याला ओळखीच्या आडतीवर नेला आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. १४१. म्हणजे तेरा किलो हवेत विरघळले होते. अजून जुनं काय, नवं काय, बिडाचं काय हे बघितलंही नव्हतं! नुसतं दुसऱ्या काट्यावर ठेवण्याचे इतके पैसे मला कंपनी सुद्धा देत नाही.

मग अंगणात पोतं अंथरून एकेक भांडं हातात घ्यायला सुरुवात केली. आधी धातू कोणता ते ठरवायचं. तांबं लालसर, पितळ पिवळं, हे लहान मुलालाही कळतं, पण पन्नास वर्षं माळ्यावर पडलेलं भांडं काळंच असतं. तळाला, जिथे कोणी बघत नाही तिथे, बारीकसं घासून बघायचं. कासं ओळखायचं आवाजावरून. कथिल मिसळलेलं ते, टिचकी मारली की घंटेसारखं लांबत जातं, पितळ त्या मानाने लगेच गप्प होतं. कासं ठिसूळ असतं, पडलं तर पोचा न येता तडा जातो. आत्याकडे दोन कास्याच्या वाट्या निघाल्या, त्या मोडवाल्याने पितळात धरल्या होत्या. लोहचुंबक प्रत्येक भांड्याला लावायचा. पितळी मुलाम्याखाली लोखंड असेल तर तिथेच कळतं. आणि एक गंमत. आपल्याकडे 'जर्मनचं पातेलं' म्हणजे ॲल्युमिनियमचं. बाजारात 'जर्मन सिल्व्हर' म्हणून जे विकतात ते तांबं, जस्त आणि निकेल यांचं मिश्रण. त्यात सिल्व्हर औषधालाही नसतं.

धातू कळला की वय. इथे मजा यायला लागते. जुनी तांब्याची घागर तांबटाने पत्र्यातून ठोकून घडवलेली असते. तळ वेगळा, पोट वेगळं, गळा वेगळा. जिथे दोन पत्रे जुळतात तिथे कडेला दाते कापून ते एकमेकांत बसवून डाग दिलेला असतो. आत हात घातला की तो सांधा बोटाला लागतो, बाहेरून घासून घासून जवळजवळ गायब झालेला असतो. अंगावर हातोडीच्या ठोक्यांचे चट्टे, त्याला मठार म्हणतात, कधीच अगदी एका ओळीत नसतात. नव्या भांड्यावरचे ठोके एकसारखे असतात, आणि तळाला यंत्रावर फिरवल्याच्या गोल गोल रेषा दिसतात. मग झीज बघायची. खऱ्या वापरलेल्या तांब्याचा काठ एका बाजूला जास्त झिजतो, कारण माणूस एकाच बाजूने पाणी ओततो. हात लागतो तिथे गुळगुळीत, खोबणीत काळं. खोटं जुनं भांडं मात्र सगळीकडे सारखंच काळं किंवा सारखंच हिरवं असतं. ॲसिड लावून किंवा मिठाच्या मातीत पुरून आणलेला हिरवा रंग बोटाला पावडरसारखा लागतो.

(यावरून आठवलं. 'लंडन १८८५' असं कोरलेले पितळी होकायंत्र आणि दुर्बिणी कुठल्याही हिल स्टेशनला मिळतात. असल्या वस्तू रुरकी आणि मोरादाबादला ढिगाने तयार होतात. दिसायला छान असतात. स्क्रूवर चौफुली असेल तर १९३० च्या दशकाआधीची ती असूच शकत नाही, कारण त्याआधी तो स्क्रूच नव्हता. माझ्या टीम लीडच्या टेबलावर असंच एक होकायंत्र आहे. मी अजून काही बोललेलो नाही, अप्रेझल जवळ आलंय :-))

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर आत्याने पुतणीला हाताशी धरून चिंच, मीठ आणि राखेने सहा भांडी लख्ख करून ठेवलेली. "गिऱ्हाईक यायचंय ना? मग काळी भांडी दावायची का?" आता तिला काय सांगणार, की संग्राहक नेमका त्या काळेपणाचेच पैसे देतो! पन्नास-शंभर वर्षांत चढलेला रंग एका तासात जातो आणि परत आणता येत नाही. उरलेल्या सदतीस भांड्यांना चिंच लावायची नाही असा ठराव पास झाला.

घासल्याचा एक फायदा मात्र झाला. नावं दिसायला लागली.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत, त्याच्याकडे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. सगळ्यात जुनी नावं ठिपक्यांची. छोट्या छिन्नीवर हातोडीने टिक टिक टिक करत एकेक ठिपका. अक्षरं ओबडधोबड पण खोल. नंतरची नावं विजेच्या यंत्राने काढलेली, सलग, थरथरती रेघ. कोणी दिलं, कोणाला दिलं, कशानिमित्त, कोणत्या गावी. कधी सन, कधी शके. शकात ७८ मिळवले की इसवी सन. आत्याच्या घंगाळावर शके १८५८ आहे, म्हणजे १९३६. तिच्या सासूच्या लग्नातलं. त्या वेळी बीड जिल्हा निजामाच्या राज्यात, आणि अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणायचे. महसुलाच्या कागदांवर अजून वेगळंच, फसली साल, त्यात ५९० मिळवायचे. एकाच गावात तीन कॅलेंडरं चालू! आणि आपण टाइमझोनला कंटाळतो.

तर ते नाव मोडवाल्याच्या दृष्टीने शून्य. बाजारातले काही व्यापारी तर ते बफ मारून काढून टाकतात, कारण फ्लॅटमध्ये कोपऱ्यात ठेवायला हंडा नेणाऱ्याला दुसऱ्याच्या आजीचं नाव नको असतं. पण ज्याला खरंच जुन्या वस्तूंत रस आहे त्याच्यासाठी ती वस्तूची जन्मपत्रिका असते. नुसतं 'शंभर वर्षं जुनं' असं कोणीही म्हणेल, शके १८५८ चा ठिपका खोटा पाडणं जास्त अवघड. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघितलं असेल तर आठवेल. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जमवायला सुरुवात केली ती घराघरातल्या असल्याच वस्तूंची. दिवे, अडकित्ते, कुलपं, पानाचे डबे, दौती. १९६२ साली त्यांनी तो संग्रह राज्य सरकारला दिला तेव्हा हजारो वस्तू होत्या. त्यातल्या कितीतरी त्यांच्या हाती लागल्या नसत्या तर कोणत्या ना कोणत्या काट्यावर चढल्या असत्या. आत्याकडे निघालेला मोराच्या आकाराचा अडकित्ता हातात घेतल्यावर मला तिथली ती अडकित्त्यांची कपाटंच आठवली. दीडशे ग्रॅम. मोडीच्या भावाने सत्तावन्न रुपये.

रविवारी दुपारी आत्याने तिची पेटी उघडली आणि एक कापडी कसा माझ्यापुढे रिकामा केला. सव्वीस रुपये. खणखणीत, चांदीचे, एका बाजूला चारमिनार.

हे हाली सिक्का. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'हाली' आणि 'कलदार' हे शब्द असतात. कलदार म्हणजे इंग्रजांचा रुपया, हाली म्हणजे निजामाचा. सहा कलदारांना साधारण सात हाली असा भाव असायचा. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, हैदराबाद संस्थान भारतात आलं, तरी हे पैसे काही वर्षं चालत होते. हे नाणं ओळखायची खूण फार सुंदर आहे. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर असतं. 'मीम' असेल तर सहावा निजाम महबूब अली खान, 'ऐन' असेल तर सातवा, उस्मान अली खान. महबूब १९११ साली वारला. म्हणजे नुसत्या कमानीत बघून तुम्ही नाणं त्या सालाच्या अलीकडचं की पलीकडचं ते सांगू शकता. नेमकं साल हिजरीत असतं. शून्य म्हणजे नुसता ठिपका, पाच म्हणजे उलटा बदाम, सात इंग्रजी व्हीसारखा आणि आठ म्हणजे तोच व्ही उलटा. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, साधारण इसवी सन येतं. १३२९ चं करून बघा.

चांदी किती? या रुपयाचं ठरलेलं वजन ११.१८ ग्रॅमच्या आसपास आणि चांदी ८१.८ टक्के, म्हणजे एका नाण्यात नऊ ग्रॅमहून थोडी जास्त. इंग्रजी राणीछापमध्ये ११.६६ ग्रॅम वजन आणि जवळजवळ ९१.७ टक्के चांदी. १९४० पासून इंग्रजांनी चांदी अर्ध्यावर आणली, आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा. तो चुंबकाला चक्क चिकटतो.

आता खरे की खोटे? शाळेतला आर्किमिडीज कामाला आला. आधी नाणी जाळीच्या पिशवीत घालून हवेत वजन, मग दोऱ्याला टांगून बादलीतल्या पाण्यात, तळाला न टेकवता. सोनाराकडून आणलेल्या काट्यावर सव्वीस रुपये २८८ ग्रॅम भरले, पाण्यात २८.४ ग्रॅमने कमी. भागाकार केला की घनता १०.१४. तांबं ८.९६, शुद्ध चांदी १०.४९, आणि ८१.८ टक्क्यांच्या मिश्रणाची सव्वादहाच्या थोडी खाली यायला हवी. आली. आत्या बघत होती. म्हणाली, "एवढं शिकून बादलीत पैशे बुडवायलास?"

पण सव्वीसपैकी एकोणीस नाण्यांना वर झाळलेल्या कडीची खूण होती. आत्याच्या सासूबाईंच्या गळ्यात माळ होती, ती नंतर सोडवली. कडी लागली की नाणं संग्राहकाच्या हिशेबात दागिना होतं, किंमत चांदीएवढीच. उरलेली सात स्वच्छ. त्यांना चांदीहून थोडं जास्त मिळेल. थोडंच. हा शब्द मुद्दाम लिहितोय, कारण व्हॉट्सॲपवर जुन्या नाण्यांचे जे लाखांचे आकडे फिरतात त्यांचा याच्याशी काही संबंध नाही. ज्या नाण्यांचे कारखान्यात कोट्यवधी नग पाडले गेले, ते दुर्मिळ कसं होईल? असल्या जाहिरातींत रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून फी मागतात, म्हणून २०२१ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला होता. तशीच ती ईस्ट इंडिया कंपनीची १८१८ सालची, राम-सीता किंवा हनुमान असलेली तांब्याची 'आण्याची' नाणी. कंपनीने ती कधी पाडलीच नाहीत, नंतर कोणीतरी ठोकलेली टोकनं आहेत. देवघरात ठेवा, हरकत नाही, लाख रुपयांची स्वप्नं बघू नका.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मला हे सगळं लिहायचं होतं ती.

दुसऱ्या शनिवारी पोचलो तर आतेभावाने एक तांब्याचा तांब्या वेगळा काढून कपड्यात गुंडाळून ठेवलेला. "हा यादीत धरू नको," म्हणाला. का? आधी टाळाटाळ. मग संध्याकाळी बांधावर बसून सगळं सांगितलं. तालुक्याला एक 'पार्टी' भेटली आहे. ज्या भांड्यावर वीज पडलेली असते त्यातलं तांबं बदलतं, त्यात इरिडियम तयार होतं, आणि मग ते भांडं तांदूळ ओढतं. राईस पुलर. त्याने डोळ्यांनी बघितलं होतं, त्या माणसाने तांब्याजवळ तांदूळ धरले आणि दाणे सरकले. हैदराबादचे शास्त्रज्ञ येऊन तपासणार, परदेशातली कंपनी दोन कोटी देणार. फक्त टेस्टिंगची फी आधी भरायची. पंचेचाळीस हजार.

सत्तावन्नातले पंचेचाळीस. मोडवाल्याला सरसकट देऊन मोकळं व्हायची घाई कुठून आली होती ते तेव्हा कळलं.

माझा आतेभाऊ भोळसट नाही. सोयाबीनचा खर्च आणि भाव तोंडपाठ असलेला, बँकेच्या माणसाशी आकड्यांत बोलणारा माणूस आहे. पण दोन वर्षं पीक हातात आलेलं नाही, आईचा गुडघा समोर दिसतोय, आणि कोणीतरी येऊन सांगतंय की उत्तर तुझ्याच माळ्यावर पडलंय. अशा वेळी 'हे कसं शक्य आहे' असं म्हणणाऱ्या पुण्याच्या मामेभावाचा राग येणारच. आला. दोन तास तो माझ्याशी बोलला नाही. मी त्याला बातम्या दाखवल्या. २०१८ च्या मे महिन्यात दिल्ली पोलिसांनी एका बाप-लेकाला पकडलं होतं, त्यांनी असंच 'नासा विकत घेणार' सांगून एका व्यापाऱ्याला १ कोटी ४३ लाखांना बुडवलं होतं, वर अंतराळवीरासारखे सूट घालून चाचणीचं नाटक! बातमी वाचून तो म्हणाला, "ते दिल्लीचे होते. हे तसले नाहीत."

म्हणून परत बादली. तांब्या पूर्ण बुडवला, आत हवा राहू दिली नाही. हवेत ६४० ग्रॅम, पाण्यात ७२ ने कमी. घनता ८.८९. इरिडियमची घनता २२.५ च्या वर. जगातल्या सगळ्यात जड धातूंपैकी एक. तांब्यात त्याचा दहावा हिस्सा जरी वजनाने असता तरी आकडा साडेनऊच्या जवळ गेला असता. आणि इरिडियम चुंबकासारखं वागत नाही, तांदूळ तर अजिबातच नाही. मग दाणे सरकले कसे? ते दाणे त्या माणसाने स्वतःच्या खिशातून आणले होते का, एवढंच मी विचारलं. आतेभाऊ गप्प बसला. मग उठून घरातला कोलमचा डबा आणला, मूठभर तांदूळ ताटात पसरला आणि तांब्या त्याच्यावरून, खालून, बाजूने फिरवत राहिला. एक दाणा हलला नाही. बराच वेळ फिरवत होता. मी आत जाऊन चहा टाकला.

रात्री त्याने तो तांब्या यादीत चिकटवला. नग क्रमांक एकतीस, तांबं, ६४० ग्रॅम. त्या पार्टीचे नंतर अकरा फोन आले म्हणे.

कायद्याचंही थोडं सांगून टाकतो, कारण बऱ्याच जणांना उगाच भीती असते. घरात वारशाने आलेलं जुनं भांडं ठेवणं हा गुन्हा नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू, नाणं, मूर्ती हे पुरावशेष धरतात. ते विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो, काही प्रकारांची, उदाहरणार्थ धातूच्या मूर्तींची, नोंदणी लागते, आणि परदेशी पाठवायला खासगी माणसाला बंदी. पण घर पाडताना भिंतीत किंवा जमिनीत काही सापडलं तर गोष्ट वेगळी. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून आहे आणि त्यात मर्यादा लिहिली आहे दहा रुपये! त्याहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. आत्याची भिंत पाडायला येणाऱ्या मजुरांच्या मनात काय चाललं असेल ते मला माहीत आहे. आत्याला विचारलं तर म्हणाली, "भितीत काय असतं तर बाहत्तरलाच काढलं असतं की."

हिशेब सांगतो. त्रेचाळीसपैकी अठ्ठावीस भांडी शेवटी मोडीतच गेली. पोचे आलेली, नंतर जोडलेली, यंत्रावरची, अशी. त्यात काही वाईट नाही. दोन दुकानांत भाव विचारल्यावर पितळाला ४१० आणि तांब्याला ६४० मिळाले, ९६ किलोचे ४५,३४०. नऊ वस्तू वस्तू म्हणून गेल्या. बंब मोडीत ६,६०० चा झाला असता, तो एका हॉटेलवाल्याने दारात ठेवायला चौदा हजारांना नेला. मोराचा अडकित्ता बावीसशेला गेला, मला वाईट वाटलं, पण गुडघा माझा नाही. नऊचे मिळून ४१,०००. सगळे मिळून ८६,३४०. मोडवाल्याच्या आकड्यापेक्षा एकोणतीस हजारांनी जास्त, आणि सहा भांडी व सव्वीस रुपये अजून घरात. कोटी नाही झाले. ऑपरेशनची तारीख मात्र मिळाली.

ठेवलेल्या सहांत शके १८५८ चं घंगाळ आहे, दोन कास्याच्या वाट्या आहेत, एक समई, एक ताम्हण. देवाचे चांदीचे टाक तर आत्याने मला मोजायलाच दिले नाहीत, ते यादीत नव्हतेच. सहावी एक तांब्याची घागर. दातेरी सांध्याची, अप्रतिम मठार, माझ्या मते सगळ्या ढिगातली सर्वांत चांगली वस्तू. एका गिऱ्हाइकाने अकरा हजार सांगितले. आत्या म्हणाली, "ती न्हाई. ती आपली नव्हं."

घागरीवर ठिपक्यांनी एका बाईचं नाव आहे, नवऱ्याचं आहे, आणि धारूर तालुक्यातल्या एका गावाचं. आमच्या घरात त्या नावाचं कोणी नाही. बाहत्तरच्या दुष्काळात माणसं पोराबाळांना घेऊन निघाली होती. कामावर, खडी फोडायला, जिथे पोट भरेल तिथे. आत्या तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली. तिच्या सासऱ्यांकडे थोडी ज्वारी शिल्लक होती. बायका भांडी ठेवून धान्य न्यायच्या. बऱ्याच जणी नंतर येऊन सोडवून घेऊन गेल्या, काहींची सासऱ्यांनी पुढे विकली. ही बाई दोन पायल्या ज्वारी घेऊन गेली आणि परत आली नाही. सासूबाईंनी ती घागर वेगळी ठेवली, मरताना आत्याला सांगून गेल्या. पन्नासहून जास्त वर्षं आत्याने तिच्यात कधी पाणी भरलं नाही.

तिसऱ्या रविवारी आतेभाऊ मोटारसायकलवर त्या गावी जाऊन आला. घर पडलंय. कुटुंब त्याच साली ऊसतोडीला गेलं ते तिकडेच राहिलं. पण एका म्हाताऱ्या शेजाऱ्याकडे नातवाचा नंबर होता. नातू चिंचवडला कंपनीत आहे, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. म्हणून घागर आता माझ्याकडे, टीव्हीशेजारी ठेवली आहे.

काल संध्याकाळी फोन लावला. "नमस्कार, तुमच्या घरची एक जुनी तांब्याची घागर आमच्याकडे आहे," एवढं म्हणेपर्यंत त्याने विचारलं, "फी किती भरायची?" आणि कट केला. नंतर नंबरही ब्लॉक केलेला दिसतोय. अगदी बरोबर केलं त्याने. आता बायकोच्या... छे, बायको कुठली, रूममेटच्या फोनवरून लावणार आहे. सुरुवात कशी करावी ते कोणाला सुचत असेल तर सांगा.